एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग दोन वर्षांत तीन वेळा उडाले. मूळ कारण कसे शोधावे?

सातारा_पुणे | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची, चार सिलिंडरची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी आतापर्यंत ८४,००० किलोमीटर चालली आहे. कामानिमित्त दर आठवड्याला साताऱ्याहून पुण्याला जाऊन यावे लागते, त्यामुळे खंबाटकीचा घाट आठवड्यातून दोनदा ठरलेला असतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळालेला वायू गोळा करून पुढे नेणारा भाग) आणि सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधली गॅस्केट, म्हणजेच पॅकिंग, पहिल्यांदा ६२,००० किलोमीटरला गेली, दुसऱ्यांदा ७४,००० ला, आणि आता तिसऱ्यांदा तेच चिन्ह दिसू लागले आहे. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या पुढच्या बाजूने ‘टक टक टक’ असा लयबद्ध आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याची गती वाढते, आणि पाच-सहा मिनिटांत इंजिन तापले की तो जवळजवळ नाहीसा होतो. घाट चढताना मात्र पुन्हा ऐकू येतो. अ‍ॅव्हरेज १७ वरून १४ वर आले आहे. चौथ्या सिलिंडरजवळ मॅनिफोल्डच्या कडेला काळी काजळी दिसते, आणि तिन्ही वेळा ती त्याच जागी होती.

पहिल्यांदा बाजारातली साधी गॅस्केट बसवली होती. दुसऱ्यांदा मिस्त्रींनी कंपनीची, अनेक पत्र्यांची गॅस्केट घेतली आणि खात्रीसाठी दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन सीलंटही लावले. तरीही ती १०,००० किलोमीटर टिकली नाही. चौथी गॅस्केट बसवायला माझी हरकत नाही, पण ती पाचवीची तयारी ठरू नये एवढीच इच्छा आहे. कारण शोधायला सुरुवात कुठून करावी?

---

पाना_बारा_तेरा

प्रत्येक वेळी नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या मोजक्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले होते की हाताच्या अंदाजाने? माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

---

सातारा_पुणे

दोन्ही वेळा मी समोर उभा होतो. साध्या पान्याने आणि भरपूर जोर लावून आवळले होते. टॉर्क पाना त्या गॅरेजमध्ये मला दिसला नाही.

---

घाटवाटा

मी जरा वेगळे मत मांडतो. हल्ली सुट्या भागांच्या दुकानात मिळणाऱ्या गॅस्केट इतक्या पातळ असतात की त्या वर्षभर टिकल्या तरी पुष्कळ झाले. मूळ कंपनीचीच वस्तू, सीलबंद पाकिटातली घ्यावी, म्हणजे प्रश्न सुटेल असे मला वाटते.

---

लेथमास्तर

घाटवाटा, पहिल्या गॅस्केटपुरते आपले म्हणणे मान्य आहे. परंतु दुसरी गॅस्केट कंपनीचीच होती आणि तीही गेली, शिवाय त्याच जागी गेली. वेगवेगळ्या दर्जाच्या वस्तू एकाच कोपऱ्यात फुटत असतील तर दोष त्या कोपऱ्यात आहे असे समजून शोध घ्यावा लागतो.

मी तीस वर्षे मशीन शॉपमध्ये काढली आहेत. आमच्याकडे येणारे मॅनिफोल्ड बहुधा ‘पॅकिंग टिकत नाही’ याच तक्रारीने येत. कारण समजण्यासाठी तिथे काय घडते ते आधी पाहू. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि पाण्याने थंड होत असल्याने शंभर अंशांच्या आसपास राहते. मॅनिफोल्ड बहुतेक वेळा ओतीव लोखंडाचा असतो, आणि घाटात त्याचा फ्लँज (हेडला टेकणारी सपाट कड) तीनशे अंशांच्या वरही सहज जातो. दोन टोकांच्या स्टडमधले (हेडमध्ये रोवलेल्या, नट लावायच्या आटेदार दांड्यांमधले) अंतर ३०० मिलिमीटर धरले, तर फ्लँज साधारण १ मिलिमीटर लांबतो आणि हेड अर्धा मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली की लोखंड ॲल्युमिनियमवरून अर्धा मिलिमीटर सरकू पाहते, आणि थंड झाली की परत येते. मधल्या गॅस्केटला हे घासणे रोज सहन करावे लागते.

हे सरकणे होऊ द्यावे म्हणूनच पुष्कळ मॅनिफोल्डमध्ये मधली भोके स्टडच्या मापाची आणि टोकांची भोके मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात, आणि म्हणूनच नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. ८ मिलिमीटरच्या स्टडला बहुतेक ठिकाणी २० ते २५ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क सांगितलेला असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. हा आकडा ऐकून अनेकांना तो फार कमी वाटतो, आणि मग ‘गच्च बसू दे’ म्हणून दुप्पट जोर लावला जातो. त्याने फ्लँज सरकू शकत नाही, स्टड ताणला जातो, आणि टोके वाकू लागतात. वाकलेल्या फ्लँजवर सोन्याची गॅस्केट बसवली तरी ती टिकणार नाही.

तेव्हा मॅनिफोल्ड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची, ठरलेल्या जाडीची पाती) घेऊन फ्लँज तिरका, आडवा आणि उभा असा तिन्ही दिशांनी तपासा. हेडचा पृष्ठभागही तसाच तपासा. किती वाक चालतो हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते, पट्टीखाली ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड पाते जाऊ लागले की मी तरी फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट, केल्याशिवाय तो परत बसवत नसे.

---

नवी_चालक

लेथमास्तर काका, थंड असताना आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो, त्याचेही कारण हे प्रसरणच असते का?

---

लेथमास्तर

हो ताई. फट लहान असेल तर लोखंड फुगून ती मिटवते. म्हणूनच गळती तपासायची तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. गाडी दहा किलोमीटर चालवत गॅरेजमध्ये नेली की लक्षण आपोआप लपते आणि मिस्त्री म्हणतात, ‘आवाज तर काहीच नाही.’ शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी तिथेच ठेवावी.

---

कोकणकिनारा

चर्चा मॅनिफोल्डपुरती आहे, तरीही एक भर घालतो. आमच्या रत्नागिरीकडे गळती बऱ्याचदा खालच्या जोडावर होते, जिथे पुढचा पाईप सायलेन्सरच्या पाईपला मिळतो. तिथे गोल कड्यासारखे पॅकिंग असते आणि स्प्रिंग घातलेले दोन बोल्ट असतात. खाऱ्या हवेने आणि पावसाने बोल्ट गंजतात, स्प्रिंग मोडते, आणि बदलताना कित्येक जण तिथे साधे बोल्ट घालून करकचून आवळतात. तो जोड इंजिनाच्या हालचालीबरोबर थोडा वळावा म्हणूनच स्प्रिंग दिलेली असते. जोड वळेनासा झाला की इंजिनाचा प्रत्येक हिसका सरळ वर मॅनिफोल्डपर्यंत पोहोचतो. माझ्या गाडीत वरचे पॅकिंग जाण्याचे कारण खालचे हे साधे बोल्ट होते. कृपया तेही पाहावे.

---

पाना_बारा_तेरा

कोकणकिनारा यांच्या मुद्द्याला जोडून इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते ती माउंटिंग, आणि सायलेन्सर लटकवणारे रबरही तपासा. आडव्या इंजिनाच्या गाडीत मागचे फाउंडेशन फाटले की क्लच सोडताना इंजिन मागे-पुढे झुलते. तपासणी सोपी आहे. बॉनेट उघडे ठेवा, माहितगार व्यक्तीला हँडब्रेक व ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगा, आणि आपण बाजूला उभे राहून इंजिन किती हलते ते पाहा. गाडीच्या समोर कोणीही उभे राहू नये.

---

सुगरण_आणि_स्टिअरिंग

मला सिलिकॉन सीलंटविषयी विचारायचे आहे. आमच्याकडेही मिस्त्री ते प्रत्येक ठिकाणी लावतात. त्याने उपयोग होतो की अपाय?

---

स्कॅनरवाला

ताई, एक्झॉस्टच्या या जागी अपायच जास्त. लाल सीलंट साधारण तीनशे अंशांपर्यंत टिकते, आणि पेट्रोल इंजिनाच्या पोर्टमधून बाहेर पडणारा वायू पूर्ण भारावर आठशे अंशांच्या पुढे जातो. आतल्या कडेचे सीलंट जळून निघून जाते आणि तिथेच फट राहते. दुसरे म्हणजे, अनेक पत्र्यांच्या गॅस्केटला जी दाबाची उठावदार कड असते ती कोरड्या, स्वच्छ धातूवर दाबली जावी अशीच घडवलेली असते. मध्ये रबरासारखा थर आला की दाब असमान होतो. तिसरे, काही सिलिकॉन सीलंटमधून निघणारी वाफ ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर बसून त्याला निकामी करते.

आता अ‍ॅव्हरेजविषयी, कारण धागालेखकांचे तीन किलोमीटर कुठे गेले हे कोणी सांगितलेले नाही. गळतीतून धूर बाहेर पडतो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण हवा आतही शिरते. एक्झॉस्टमधला दाब एकसारखा नसतो, तो ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर आत ओढ निर्माण होते. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत जाते आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो. संगणक समजतो की मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, पाहिल्यास आयडलला (उभ्या गाडीत, पायाने वेग न देता) ती बरीच अधिक दिसेल आणि इंजिनाच्या मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर पुष्कळ खाली येईल. गळती फार झाली तर ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असे सांगणारा पी०१७१ हा कोडही येऊ शकतो.

मात्र एक सावधगिरी हवी. इनटेकच्या बाजूने हवा गळत असेल तरी ट्रिम अशीच वागते. म्हणून केवळ आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. धूर सोडण्याचे यंत्र असलेल्या ठिकाणी आधी इनटेकमध्ये आणि मग एक्झॉस्टमध्ये धूर सोडून दोन्ही बाजू वेगळ्या तपासून घ्याव्यात.

---

घाटवाटा

धूर सोडण्याचे यंत्र तालुक्याच्या गावी मिळणे कठीण आहे. त्याला घरगुती पर्याय आहे का?

---

टोरांटोकर

आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, बंद गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू जुन्या कापडाने गुंडाळून लावा, आणि मॅनिफोल्डच्या कडेने साबणाचे पाणी फवारा. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. काही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे असल्याने थोडी हवा इनटेकमधून निघून जाते, त्याने बिघडत नाही. गरम मॅनिफोल्डवर मात्र पाणी कधीही फवारू नये, कारण ओतीव लोखंड तडकू शकते.

इथे कॅनडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे एक्झॉस्टचा प्रत्येक नट गंजलेला भेटतो. त्या अनुभवावरून सांगतो, की काम सुरू करण्याच्या आदल्या रात्री सर्व नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा, आणि नट फिरेनासा झाला तर जोर वाढवण्याऐवजी थोडा आवळा, थोडा सोडा, असे करत राहा. स्टड हेडमध्ये तुटला तर उरलेल्या टोकावर नट ठेवून तो वेल्डिंगने जोडावा. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड सुटाही होतो आणि पाना लावायला जागाही मिळते. हे काम सराव असलेल्याच माणसाकडून करून घ्यावे, कारण ॲल्युमिनियमचे आटे गेले की खर्च अनेक पटींनी वाढतो. स्टड आणि नट जुने वापरू नयेत. शेकडो वेळा तापून-निवून ते ताणलेले असतात आणि नव्या गॅस्केटवर अपेक्षित दाब धरत नाहीत.

---

लेथमास्तर

टोरांटोकर यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझे पूर्ण अनुमोदन. एक पुरवणी जोडतो. नव्या स्टडच्या आट्यांना वंगण किंवा अँटी-सीझ लावणार असाल, तर मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे आधी पाहा. वंगणामुळे तोच टॉर्क स्टडला कितीतरी जास्त ताणतो.

---

डॉक्टर_मिरज

आपण सर्व यंत्राविषयी बोलत आहात, पण मला प्रवाशांविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. मॅनिफोल्डजवळची गळती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी होते, म्हणजे बाहेर पडणारा वायू शुद्ध झालेला नसतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, आणि त्याला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप अनावर होणे ही लक्षणे आपण प्रवासाचा शीण म्हणून सोडून देतो. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळी खोटा दिलासा देते, कारण ते या वायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत बंद पार्किंगमध्ये किंवा गॅरेजचे दार लावून इंजिन सुरू ठेवू नये, उभ्या गाडीत एसी लावून झोपू नये, आणि प्रवासात खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर गाडी थांबवून आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि तपासणीसाठी रुग्णालयात जावे.

---

सातारा_पुणे

डॉक्टर, मनापासून आभार. गेल्या महिन्यात आईला पुण्याहून आणताना तिचे डोके दुखले होते आणि आम्ही ते उन्हावर ढकलले. कारण तेच होते की नाही हे आता सांगता येणार नाही, पण दुरुस्ती होईपर्यंत ती या गाडीत बसणार नाही.

शनिवारी मॅनिफोल्ड उतरवून घेत आहे. उतरवण्याआधी आणखी काय तपासावे?

---

स्कॅनरवाला

मिसिंग आहे का ते पाहा. एखाद्या सिलिंडरचे पेट्रोल न जळता पुढे गेले, तर ते कॅटमध्ये, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जळते आणि सगळा भाग लालभडक होतो. कॅटच्या जाळ्या वितळून बुजल्या की मागे दाब साठतो आणि गॅस्केटवर येतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबमापक लावता येतो. अडीच हजार फेऱ्यांवर ३ पीएसआयच्या वर दाब दिसला तर कॅट बुजल्याचा संशय घ्यावा.

---

पाना_बारा_तेरा

माझा एक प्रश्न राहिला होता. पहिली गॅस्केट गेली त्याच्या आधीच्या वर्षभरात गाडीचे कोणते मोठे काम झाले होते? ६२,००० किलोमीटरपर्यंत कंपनीची पहिली गॅस्केट व्यवस्थित होती, म्हणजे रचनेत दोष नाही. मध्येच काहीतरी बदलले असले पाहिजे.

---

सातारा_पुणे

५५,००० ला क्लच प्लेट बदलली होती. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला होता. त्याचा एक्झॉस्टशी संबंध येतो का?

---

पाना_बारा_तेरा

येऊ शकतो, आणि या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच असेल असे मला वाटते. तुमच्या प्रकारच्या इंजिनात मॅनिफोल्ड आणि कॅट एकमेकांना जोडलेले असतात आणि हे सगळे वजन इंजिनाच्या पुढच्या बाजूला लटकते. ते वजन एकट्या स्टडवर येऊ नये म्हणून कॅटच्या खालच्या टोकापासून इंजिन ब्लॉकला किंवा गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगला (क्लच झाकणाऱ्या कवचाला) एक लोखंडी आधारपट्टी दिलेली असते. गिअरबॉक्स उतरवताना ती पट्टी आड येते, म्हणून काढावी लागते. परत बसवताना तिच्या बोल्टपर्यंत हात नीट पोहोचत नाही, आणि तिच्यावाचून गाडी सुरू होते, चालते, काही कळतही नाही. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत.

पट्टी नसली की कॅट प्रत्येक खड्ड्यात खाली ओढतो आणि इंजिनाच्या कंपनाबरोबर थरथरतो. आधार गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर ताण त्याच टोकावर सर्वाधिक येतो, आणि चौथे सिलिंडर गिअरबॉक्सच्याच बाजूला असते. गाडी लिफ्टवर घेऊन फक्त एवढे पाहा, की कॅटच्या खाली पट्टी आहे का, आणि नसेल तर बेल हाउसिंगवर आटे असलेली रिकामी भोके दिसतात का.

---

घाटवाटा

हे मला ठाऊक नव्हते. गॅस्केटच्या दर्जावर मी दिलेला भर चुकीच्या दिशेचा होता असे दिसते. निकाल अवश्य कळवा.

---

सातारा_पुणे | २२ जून, संध्याकाळी ७.१५

लिफ्टवर गाडी चढवली आणि टॉर्चच्या उजेडात पहिल्या मिनिटातच दिसले. बेल हाउसिंगवर दोन रिकामी भोके होती, चिखलाने बुजलेली. कॅटच्या खालच्या टोकाला पट्टीसाठीचे कान आहेत, पण पट्टी नाही. २९,००० किलोमीटर गाडी तशीच चालत होती.

बाकीची तपासणीही आपण सांगितली तशी केली. आयडलला फ्युएल ट्रिम अधिक १४ टक्के होती आणि २,८०० फेऱ्यांवर ४ टक्के. इनटेकमध्ये धूर सोडला तेव्हा कुठेही गळती नव्हती. एक्झॉस्टमध्ये सोडला तेव्हा चौथ्या पोर्टच्या खालच्या कडेने बारीक रेघ निघाली. मागचा दाब व्यवस्थित होता, मिसिंग नव्हते. मागचे फाउंडेशन थोडे तडकलेले आहे. मॅनिफोल्ड उतरवल्यावर चौथ्या सिलिंडरकडचे दोन स्टड उघड्या डोळ्यांना दिसतील इतके ताणलेले होते, मधल्या भागात बारीक झालेले. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवली तेव्हा त्या टोकाला ०.३५ मिलिमीटरचे पाते सहज आत गेले. हेडचा वाक मात्र ०.०५ च्या आतच आहे.

आता लेथमास्तर काकांना विचारायचे आहे, की मॅनिफोल्ड नवा घ्यावा की फेसिंग चालेल?

---

लेथमास्तर

मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा आहे आणि तडा नाही ना, हे आधी नक्की करा. पोर्टच्या मधल्या पुलांवर आणि वळणांच्या आतल्या बाजूला तडा लपतो. तिथे तारेच्या ब्रशने साफ करून भिंगाने पाहा. तडा नसेल तर ग्राइंडरवर फेसिंग करून घ्या. ०.३५ चा वाक काढायला ०.४ च्या आसपास धातू जाईल, एवढ्याने फ्लँज अशक्त होत नाही. पातळ पत्र्याच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड असता तर मी नवाच घ्या म्हटले असते. फेसिंग चारही पोर्ट एकत्र धरूनच करावे. नुसते एक टोक घासून जुळवू नये.

हेडचा पृष्ठभाग साफ करताना फिरता घासचाक लावू देऊ नका. ॲल्युमिनियम मऊ असते आणि तिथे खळगा पडतो. लाकडाची किंवा प्लास्टिकची खरवडणी घ्या, आणि जुने सीलंट सगळे काढा.

---

पाना_बारा_तेरा

बसवण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सर्व नवे स्टड घाला. गॅस्केट कोरडी ठेवा. मॅनिफोल्ड बसवून नट हाताने टेकवा. खालचा पाईप आणि आधारपट्टी दोन्ही सैल जोडा, म्हणजे सगळे भाग आपापल्या जागी, कोणताही ओढा न घेता बसतील. मग मॅनिफोल्डचे नट मधून टोकांकडे, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळा. त्यानंतर खालचा जोड. पट्टी सर्वांत शेवटी. पट्टी आधी आवळली आणि ती अर्धा मिलिमीटर जरी चुकीच्या ठिकाणी असली, तर तीच मॅनिफोल्डला ओढू लागते आणि आधाराऐवजी तरफेचे काम करते. पट्टीचे भोक बोल्टसमोर येत नसेल तर सळईने ओढून बसवू नका, कुठला भाग तिरका आहे ते शोधा.

फाउंडेशन तडकले आहे तर तेही याच वेळी बदला, आणि मॅनिफोल्डचे अंतिम आवळणे त्यानंतरच करा. उष्णतारोधक पत्रा परत बसला आहे याकडेही लक्ष द्या. पावसाळ्यात तापलेल्या मॅनिफोल्डवर पाण्याचे फवारे येण्यापासून तोच वाचवतो.

---

नवी_चालक

पट्टी वेगळी मिळते का? आणि पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत असे माझे मामा सांगतात, ते करावे का?

---

टोरांटोकर

जुन्या काळच्या जाड, मऊ गॅस्केटसाठी मामांचे म्हणणे बरोबर होते, कारण त्या तापल्यावर बसत आणि नट सैल पडत. पत्र्यांच्या गॅस्केटला सहसा ते लागत नाही. तरी पूर्ण थंड इंजिनावर, टॉर्क पान्याला ठरलेला आकडा लावून, नट हलतो का एवढे तपासायला हरकत नाही. हललाच तर तो का हलला हे शोधावे.

---

सातारा_पुणे | ९ ऑगस्ट, सकाळी ८.०५

सर्वांना नमस्कार. काम होऊन सहा आठवडे झाले, म्हणून लिहितो आहे.

नवी_चालक, पट्टी सुट्या भागांच्या यादीत स्वतंत्र क्रमांकाने आहे. दुकानदाराने नऊ दिवसांत मागवून दिली आणि सगळ्या कामात सर्वांत स्वस्त तीच होती. फेसिंग पुण्यात करून घेतले; तडा नव्हता. पट्टी बसवताना भोक समोर येत नव्हते, म्हणून पाना_बारा_तेरा यांचे वाक्य आठवून थांबलो. फाउंडेशन बदलल्यावर इंजिन जागेवर आले आणि बोल्ट दोन बोटांनी फिरला.

आता सकाळी आवाज नाही. आयडलला ट्रिम अधिक ३ टक्के आहे. शेवटच्या तीन टाक्यांचे अ‍ॅव्हरेज १६.५ ते १७ आले. काल पुन्हा पूर्ण थंड इंजिनावर टॉर्क पाना लावून पाहिला, एकही नट हलला नाही, आणि व्हॅक्यूम क्लीनर लावून साबणाचे पाणी फवारले तेव्हा चौथ्या पोर्टजवळ एकही बुडबुडा आला नाही. त्यानंतरच आईला गाडीत बसवले.

क्लचचे काम केलेल्या गॅरेजमध्ये जाऊन मी पट्टीविषयी शांतपणे सांगितले. तिथल्या मिस्त्रींनी खोक्यात हात घालून तशाच तीन पट्ट्या बाहेर काढल्या, आणि त्या कोणकोणत्या गाड्यांच्या आहेत हे वहीत शोधायला बसले.

---

पाना_बारा_तेरा

त्या तीन गाड्यांच्या मालकांना त्यांनी फोन केला का, तेवढे जमल्यास विचारा.

---

सातारा_पुणे

विचारले. दोघांना लागला. तिसऱ्या गाडीचा मालक बदलला आहे, नव्या मालकाचा नंबर मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न चालू आहे.